ओसरीचा पासवर्ड, माजघराचा पासवर्ड

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगलीच्या पेठेत आमच्या थोरल्या बंधूंचे हळदीचे दुकान आहे. खाली दुकान आणि गोदाम, वर राहते घर, ही मांडणी वडिलांच्या काळापासूनची. रात्री साडेनऊच्या सुमारास सारी मंडळी जेवायला बसली असताना दिवाणखान्यातला टीव्ही आपोआप सुरू झाला आणि त्यावर कुठल्याशा फडातली कुस्ती दिसू लागली. रिमोट कोणाच्याच हाती नव्हता. वहिनींनी उठून टीव्ही बंद केला. दोन मिनिटांत तो पुन्हा सुरू झाला आणि कुस्ती पहिल्यापासून लागली.

उलगडा झाला दुसऱ्या दिवशी सकाळी. समोरच्या चहाच्या गाड्यावरचा मुलगा आपल्या फोनवरची चित्रफीत स्वतःच्या खोलीतल्या टीव्हीवर दाखवू पाहत होता आणि यादीतून चुकून त्याने आमचा टीव्ही निवडला होता. दुकानात रोज चहा घेऊन येताना कधीतरी कोणीतरी त्याला वाय-फायचा पासवर्ड सांगितला होता. बिचारा ओशाळला, दादांच्या पाया पडला. दादा हसले आणि म्हणाले, “अरे, कुस्ती चांगली होती.”

प्रकरण तिथेच मिटले असते. पण माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने रात्रीच राऊटरचे पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी काढली होती. यादीत एकतीस नावे होती. घरातले सातजण, दुकानातले तिघे, त्यांचे फोन, संगणक, टीव्ही, छपाईयंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, असे सगळे मिळून तिने एकोणीस ओळखले. उरलेली बारा उपकरणे कोणाची, हे घरात कोणालाच सांगता येईना. तिने मला फोन लावला. “काका, तुम्ही रविवारी या. मला हे एकटीला दादांना समजावता येणार नाही.” तिचे वडील म्हणजे आमचे दादा, पण घरात लहानथोर सारेच त्यांना दादा म्हणतात.

माझी सारी नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली. बिनतारी जगात मी उशिरा शिरलो, त्यामुळे त्यातल्या गोष्टी मला जुन्या घराच्या भाषेत कळतात. वाचकांपुढेही त्या त्याच भाषेत मांडतो.

आपल्या जुन्या घरांना ओसरी असे. वाटसरू, कुळे, व्यापारी, पोस्टमन, कोणीही यावे, ओसरीवर बसावे, पाणी प्यावे, निरोप सांगावा. ओसरीला कुलूप नसे आणि ते असावे असे कोणाला वाटतही नसे. पण ओसरीवरून माजघरात पाऊल टाकताना उंबरा होता, आणि माजघरापलीकडच्या कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला होती. पाहुणा कितीही आवडता असला तरी त्याला कोठीची किल्ली देण्यात आतिथ्य आहे, असे कोणी मानले नाही. आज पाहुणा आला की पाण्याच्या पाठोपाठ वाय-फायचा पासवर्ड मागतो आणि आपण तो पाण्याइतक्याच सहजतेने देतो. अडचण देण्यात नाही. जो पासवर्ड आपण देतो तो ओसरीचा नसून कोठीचा असतो, ही अडचण आहे.

दादांच्या घरी त्या एकाच जाळ्यावर हिशेबाचा संगणक होता. त्यावरची खतावणीची फाईल मुनीम आणि दादा दोघांना उघडता यावी म्हणून कधीकाळी ‘सर्वांसाठी खुली’ ठेवली गेली होती. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. ज्या गृहस्थांनी कॅमेरे बसवले त्यांनी तो बदलला नाही आणि बदलायला सांगितलेही नाही. म्हणजे त्या बारा अनोळखी उपकरणांपैकी कोणीही, थोडा खटाटोप केला असता, तर वर्षभराचा हिशेब वाचू शकला असता आणि गल्ल्यावर या क्षणी कोण बसले आहे हेही पाहू शकला असता. तसे कोणी केले होते असे मी म्हणत नाही. मात्र केले असते तरी आम्हाला ते कळले नसते.

दादांचा पहिला प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा होता. “गल्लीतल्या चार पोरांनी थोडे इंटरनेट वापरले, तर माझे काय गेले? महिन्याचे पैसे तेवढेच भरतो मी.”

त्यावर मी त्यांना २००८ सालची आठवण करून दिली. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तिथे राहणारा अमेरिकी गृहस्थ या कटात कुठेच नव्हता. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्याच कोणीतरी केला होता. तरीही पोलीस आधी त्याच्याच दारी गेले आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. पुढच्या महिन्यात तसाच एक ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून पाठवलेला निघाला. पुढच्या वर्षाच्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरातली उघडी जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि २००९च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट पुरवठादारांना सूचना दिल्या. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर घराचा एकच पत्ता असतो. आत तो कोणाच्या हातून लिहिला गेला हे बाहेरच्याला दिसत नाही. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बसा दोघे. काय बदलायचे ते बदला.”

त्या रविवारी आम्ही काय केले आणि कुठे फसलो, ते आता सांगतो.

आधी उपकरणांविषयी दोन शब्द. इंटरनेटची तार घरात येते ती राऊटरला. हा घराचा दरवान. आतल्या प्रत्येक उपकरणाला तो एक क्रमांक देतो आणि बाहेरची ये-जा सांभाळतो. आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, खालच्या राऊटरच्या लहरी वर पोहोचत नाहीत. म्हणून जिन्याच्या वळणावर आणखी एक उपकरण बसवले होते, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तार घेऊन लहरी पसरवणे एवढेच त्याचे काम. बाजारात मिळणारे पुष्कळसे डबे दोन्ही कामे करू शकतात, म्हणून वर बसवलेल्या डब्याला ‘तू दरवान नाहीस’ हे सेटिंगमध्ये जाऊन सांगावे लागते. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला की तो स्वतः क्रमांक वाटणे, म्हणजे डीएचसीपी, बंद करतो. काही डब्यांत ते हाताने बंद करावे लागते. नाहीतर एकाच पेढीवर दोन कारकून टोकन वाटू लागतात. वरच्या फोनला खालचे छपाईयंत्र सापडत नाही आणि जोडणी अकारण तुटत राहते.

या डब्याचे पान फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा असतो आणि डब्याच्या पाठीवर छापलेला असतो. पान उघडले की नाव आणि पासवर्ड विचारला जातो. इथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण पासवर्ड दोन आहेत. एक वाय-फायला जोडण्याचा, म्हणजे घरात येण्याचा. दुसरा या पानाचा, म्हणजे घरातली कुलपेच बदलण्याचा. पहिला आपण जपतो आणि दुसऱ्याला कधी हात लावत नाही. तो ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन’ असाच राहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या कारवाईखोर प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कुठलीही अवघड विद्या वापरली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्याजवळ होत्या आणि त्या तो एकामागून एक लावून पाहत असे. म्हणून आम्ही पहिल्यांदा हा दुसरा पासवर्ड बदलला. राऊटरचा, ॲक्सेस पॉइंटचा आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचाही. त्याच पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ अशी एक सोय असते. तिच्यामुळे हे पान घराबाहेरून, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून उघडता येते. दादांना तिची गरज नव्हती. आपणांस निश्चित गरज नसेल तर ती बंदच असावी.

त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड. दादांचा पासवर्ड दुकानाचा मोबाईल क्रमांक होता आणि तो क्रमांक दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे. पण पाटीवर नसता तरी तो पुरेसा नव्हता. हे जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्या घरोघरी हीच चाल आहे.

फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा फोन आणि डबा यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडा जात नाही, पण त्याचा एक प्रकारचा ठसा उमटतो. रस्त्यावर उभा असलेला माणूस हा ठसा आपल्या संगणकात टिपून घेऊ शकतो. मग त्याला दाराशी उभे राहून किल्ल्या लावून पाहण्याची गरज नाही. कुलपाचा ठसा घरी नेऊन तो निवांतपणे एकेक किल्ली ताडून पाहतो आणि आपणांस त्याची चाहूलही लागत नाही. आता हिशेब करा. आपल्याकडचे मोबाईल क्रमांक दहा अंकी आणि सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून शक्य क्रमांक ४०० कोटी. संख्या मोठी वाटते. पण खेळांसाठी विकले जाणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे दहा लाख पासवर्ड ताडून पाहू शकते. ४०० कोटींना दहा लाखांनी भागा. उत्तर येते ४,००० सेकंद. तासाभरापेक्षा थोडे अधिक, एवढ्यात देशातला प्रत्येक संभाव्य मोबाईल क्रमांक लावून झालेला असतो. २०२१ साली इस्रायलमधल्या एका सुरक्षा-संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून ५,००० जाळ्यांचे असे ठसे गोळा केले. त्यातले सुमारे ७० टक्के त्याला उलगडता आले, कारण तिथेही लोकांनी आपले मोबाईल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवले होते. म्हणजे ही खोड केवळ आपली नाही.

नियमाप्रमाणे पासवर्ड किमान आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा असू शकतो. लोक आठावर थांबतात. माझा सल्ला असा की अवघड चिन्हांच्या मागे लागू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. उखळ, तेरडा, पोस्टमन, गारपीट, असे काही. वहिनींनी चटकन चार शब्द सुचवले आणि ते घरातल्या प्रत्येकाला तासाभरात पाठ झाले. (वर दिलेले शब्द ते नव्हेत, आणि आपणही हेच उचलू नयेत.) लांबी वाढली की वरचे ते भागाकाराचे गणित तासांतून निघून युगांत जाते. जाळ्याचे नावही बदलावे, कारण ते या ठशात मिसळलेले असते. कारखान्याने दिलेल्या ठरावीक नावांसाठी आधीच तयार केलेले तक्ते उपलब्ध असतात. नावात आडनाव किंवा घर क्रमांक मात्र घालू नये.

पासवर्डाइतकेच महत्त्व कुलपाच्या जातीला आहे. सेटिंगच्या पानावर ‘सिक्युरिटी’ या शब्दासमोर तीन-चार पर्याय दिसतात. सर्वांत जुना ‘वेप’. तो वाय-फायच्या १९९७च्या पहिल्या मानकाबरोबर आला आणि २००१ सालीच त्याच्या गणितातली फट तज्ज्ञांनी जाहीर केली. आज तो मिनिटांत उघडतो. २००३ साली तात्पुरती डागडुजी म्हणून ‘डब्ल्यूपीए’ आले, २००४ साली ‘डब्ल्यूपीए-टू’, आणि २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-थ्री’. या शेवटच्या प्रकारात ठसा घरी नेऊन किल्ल्या ताडण्याची वाटच बंद केलेली आहे. प्रत्येक प्रयत्नासाठी चोराला पुन्हा दाराशी यावे लागते. नवी उपकरणे असतील तर तेच निवडावे. घरात जुनी-नवी दोन्ही असतील तर ‘डब्ल्यूपीए-टू आणि थ्री’ असा मिश्र पर्याय असतो, आम्ही तो घेतला. टू निवडल्यास सोबत ‘एईएस’ हवे, ‘टीकेआयपी’ नको. जुन्या फोनच्या सोयीसाठी कोणी टीकेआयपी चालू ठेवले तर दुहेरी तोटा होतो. सुरक्षा ढिली पडते आणि वाय-फायचे नवे वेगही मिळत नाहीत, कारण मानकानेच ते टीकेआयपीबरोबर वर्ज्य केले आहेत. दादांचा वरचा डबा याच कारणाने ५४ मेगाबिटच्या जुन्या मर्यादेत अडकून पडला होता, आणि वर्षभर दोष मात्र भिंतींना दिला जात होता.

तिथेच ‘पीएमएफ’ अशी तीन अक्षरे दिसली तर ती दुर्लक्षू नयेत. फोनला किंवा कॅमेऱ्याला ‘आता जोडणी तोड’ असे सांगणारे संदेश पूर्वी सहीशिक्क्याविना जात. त्यामुळे बाहेरचा माणूस खोटा संदेश पाठवून दुकानाचा बिनतारी कॅमेरा हवा तेव्हा जाळ्याबाहेर काढू शकत असे. पीएमएफमुळे असे खोटे संदेश ओळखले जातात. थ्रीमध्ये ते सक्तीचे आहे, टूमध्ये आपण होऊन चालू करावे लागते.

‘डब्ल्यूपीएस’ नावाचे बटण मात्र निःशंक बंद करावे. पासवर्ड टाकण्याचे कष्ट वाचावेत म्हणून आठ अंकी क्रमांकाने जोडण्याची ही सोय आहे. आठ अंकांचे दहा कोटी प्रकार होतात, पण डबा त्यातले पहिले चार अंक वेगळे तपासून बरोबर की चूक ते सांगून टाकतो. उरलेल्या चारांतला शेवटचा अंक आधीच्या सातांवरून काढता येतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, एवढेच प्रयत्न पुरतात. २०११च्या डिसेंबरात हे जगजाहीर झाले. दहा कोटींचे कुलूप अकरा हजारांवर आले, आणि तरीही ती सोय कित्येक डब्यांवर आजतागायत चालू स्थितीत असते.

आता आमची फसगत. पुतणीने उत्साहाने वरच्या ॲक्सेस पॉइंटवर ‘गेस्ट नेटवर्क’ चालू केले. वेगळे नाव, वेगळा पासवर्ड. ओसरी तयार झाली असे आम्हा दोघांनाही वाटले. चहा झाला, दादांनी शाबासकी दिली. निघण्यापूर्वी सवयीने मी म्हणालो, “पाहुण्याच्या जाळ्यावरून एकदा कॅमेऱ्याचे पान उघडते का बघ.” तिने आपला फोन गेस्टला जोडला आणि रेकॉर्डरचा पत्ता टाकला. पान उघडले. छपाईयंत्र दिसले, टीव्हीही दिसला. नाव वेगळे, पासवर्ड वेगळा, पण आत सगळे एकच. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये रंगाची रेघ ओढावी आणि तिलाच भिंत म्हणावे, तसा प्रकार.

कारण समजून घ्यायला वेळ लागला. पाहुणे आणि घरचे यांच्यात भिंत घालण्याचे काम मुख्यतः दरवानाचे, म्हणजे राऊटरचे असते. वरच्या डब्याची दरवानगिरी तर आम्हीच सकाळी काढून घेतली होती. तो दोन्ही जाळ्यांची माणसे एकाच तारेवरून खाली पाठवत होता आणि खालचा राऊटर सर्वांना घरचेच समजत होता. काही महागड्या ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘व्हीलॅन’ची सोय असते. तीत पाहुण्यांच्या प्रत्येक संदेशावर वेगळी खूण मारून तो एकाच तारेवरून वेगळा नेला जातो. मात्र ती खूण ओळखणारा राऊटरही खाली लागतो. काही डब्यांत ‘गेस्टला स्थानिक जाळे दिसू द्यावे का’ असा प्रश्न असतो, तिथे नकार दिला की काम होते. आमच्या डब्यात यांपैकी काहीच नव्हते.

उपाय दादांनीच सुचवला. त्यांना व्हीलॅन ठाऊक नाही, पण ते म्हणाले, “पाहुणा येतो कुठे? खाली दुकानात. मग ओसरी वरच्या मजल्यावर कशाला बांधता?” खरेच होते. आम्ही वरचे गेस्ट बंद केले आणि खालच्या मुख्य राऊटरवर सुरू केले. भिंत घालणारा दरवान तिथेच बसलेला असल्याने ती खरी भिंत झाली. पुन्हा फोन जोडून पाहिला. इंटरनेट चालू, रेकॉर्डरचे पान उघडेना, टीव्ही दिसेना. त्यासोबत ‘एपी आयसोलेशन’ हा पर्यायही चालू केला, म्हणजे ओसरीवरच्या एका पाहुण्याला दुसऱ्याच्या पिशवीत हात घालता येऊ नये. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की गेस्ट नेटवर्क केल्यावर ही दोन मिनिटांची परीक्षा जरूर घ्यावी. सेटिंगमधली हिरवी खूण पाहून समाधान मानू नये.

दोन समजुती आम्ही त्याच दिवशी सोडून दिल्या. जाळ्याचे नाव लपवले की ते सुरक्षित होते, ही पहिली. नाव लपवले तरी लहरी लपत नाहीत; घरचा फोन जोडताना ते नाव उच्चारतोच आणि ऐकणाऱ्याला ते कळते. उलट लपवलेल्या जाळ्याच्या शोधात आपला फोन बाजारात, एसटीत, लग्नमंडपात ते नाव पुकारत राहू शकतो. दुसरी समजूत ‘मॅक फिल्टरिंग’ची, म्हणजे ठरावीक उपकरणांच्या क्रमांकांनाच प्रवेश देण्याची. हे क्रमांक हवेत उघडे जातात आणि त्यांची नक्कल सहज होते. शिवाय अलीकडचे फोन खासगीपणासाठी प्रत्येक जाळ्यावर वेगळाच बनावट क्रमांक सांगतात, त्यामुळे चोर आत आणि घरचा बाहेर अशी गत होते. मुनीमजींचा नवा फोन आठवडाभर का जोडला जात नव्हता, याचे कोडे असे सुटले.

लहरींच्या सेटिंगविषयी थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरावेत : एक, सहा आणि अकरा. पेठेतली सारी दुकाने त्याच तीन मार्गांवर. तेव्हा त्यातला जो मोकळा असेल तो घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. दाट वस्तीत ४० निवडणे म्हणजे अरुंद बोळातून आडवी गाडी नेणे. आपलाही खोळंबा, शेजाऱ्यांचाही. खालचा राऊटर एकवर आणि वरचा डबा सहावर ठेवला, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे. आता फोन जिना चढताना आपोआप जवळचा डबा धरतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतींपुढे तो लवकर दमतो. लहरींची ताकद कमाल ठेवण्याचा मोहही आवरावा. डब्याचा आवाज कितीही मोठा केला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि संभाषण दोघांचे असते. जास्तीच्या लहरी फक्त रस्त्यावर सांडतात. वरच्या डब्याची ताकद आम्ही मध्यम केली. समोरच्या फुटपाथवर त्याचे नाव आता जेमतेम दिसते.

फर्मवेअर, म्हणजे डब्यातला मूळ प्रोग्रॅम, तोही अद्ययावत केला. २०१७ साली बेल्जियममधले संशोधक माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-टूच्या त्या चार संदेशांतच एक त्रुटी दाखवून दिली होती. ती पासवर्ड बदलून नव्हे, तर प्रोग्रॅम बदलूनच बुजते. अद्ययावत करताना डबा शक्यतो तारेने जोडावा आणि मध्येच वीज जाणार नाही हे पाहावे. अर्धवट राहिलेले काम डब्याला कायमचे निकामी करू शकते. आम्ही डबा इन्व्हर्टरवर घेतला. ज्या उपकरणाला कंपनीने नवे प्रोग्रॅम देणे बंद केले आहे ते चालू स्थितीत असले तरी बदलावे, असे माझे मत आहे. दादांना ते पटले नाही. कॅमेऱ्यांचा जुना रेकॉर्डर अजून तोच आहे. निदान त्याचा पासवर्ड तरी बदलला आणि खतावणीची फाईल आता फक्त दोघांनाच उघडते.

शेवटी पासवर्ड ठेवायचे कुठे, हा प्रश्न निघाला. पुतणी पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला जाईल. साऱ्या किल्ल्या तिच्या एकटीच्या फोनमध्ये असून चालणार नव्हते. ओसरीचा पासवर्ड तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्याशेजारी टांगला आणि दर अमावास्येला दुकान बंद असते त्या दिवशी तो बदलायचा असे ठरवले. माजघराचा आणि डब्यांचे पान उघडण्याचा, असे दोन पासवर्ड दादांनी स्वतःच्या हाताने लाल वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि वही तिजोरीत ठेवली.

चहाच्या गाड्यावरचा मुलगा सोमवारी सकाळी आला, पुठ्ठ्यावरचे अक्षर अक्षर जुळवून आपला फोन जोडून घेतला आणि दादांना म्हणाला, “आता तुमचा टीव्ही दिसत नाही हो.” गोदामातले जुने छपाईयंत्र मात्र नव्या कुलपाशी काही केल्या जुळेना. ते आम्ही तारेने जोडले.